तुमच्याशी न घातलेला वाद

ताई,

मी दमले आहे. हे आधीच सांगते, कारण दमलेल्या माणसाने लिहायला बसू नये, चुका होतात, हा तुमचाच नियम. काल हडपसरला तुमच्या बहिणीकडे, विजूताईंकडे, तुमचा तेरावा झाला. आज सकाळी मी लोणीहून नेहमीची बस धरली, गाडीतळावर बदलली, पेठेत उतरले आणि तीन जिने चढून इथे तुमच्या घरी येऊन बसले. कशाला आलीस, असं विचारू नका. बावीस वर्षं या टेबलापाशी बसते आहे, आजही बसले. तुमची खुर्ची घेतली नाही, माझीच घेतली.

पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्या. जन्म, शिक्षण, किती वर्षं भाषांतरं केली, मागे एक बहीण. मी तपासल्या, सगळं बरोबर आहे. मला बोलायचंय ते त्यात नाही. तुम्ही उपचार नको म्हणालात, तेव्हा मी तुमच्याशी भांडले नाही. साधं 'असं करू नका, ताई' एवढंही म्हटलं नाही. गेले दोन महिने हे टोचतच होतं, पण सहन होण्यासारखं होतं. काल विजूताईंनी एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. ती सांगते, पण तुमच्या शिस्तीने, वरच्या ओळीपासून.

आपण काय काम करतो ते लोकांना सांगायचं म्हणजे मला नेहमी संकट वाटायचं. लोणीत बायका अजून विचारतात, "वकिलाकडं हाय ना गं तू?" मी हो म्हणून मोकळी होते. कारण खरं सांगायला गेलं तर चहा गार होतो. खालच्या कोर्टात मराठीत झालेल्या साक्षी हायकोर्टात जायच्या तर इंग्रजीत कराव्या लागतात. वकील त्या तुमच्याकडे पाठवायचे. तुम्ही भाषांतर करायचात, मी टाइप करायची, आणि मग आपली रुजुवात. तुम्ही इंग्रजी मोठ्याने वाचायचं, मी मूळ मराठी कागदावर पट्टी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघायची. खटकलं तर बोलायचं नाही, पेन्सिलीने टेबलावर टकटक करायची. तुम्ही समासात फुली मारून पुढे वाचत राहणार. जे काय बोलायचं ते शेवटचं पान झाल्यावर, चहाबरोबर.

पहिल्याच आठवड्यात मी मध्ये तोंड उघडलं होतं. "ताई, दीर नाही, चुलत दीर आहे," म्हणाले, आणि त्या गडबडीत खालची अख्खी ओळ सुटली. वकिलांनी फोनवर तुम्हाला बरंच ऐकवलं. तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. पेन्सिलीला टोक केलंत आणि माझ्यापुढे ठेवलीत. त्यानंतर वाचन चालू असताना मी कधी बोलले नाही. ती सवय घरापर्यंत गेली. नवरा बोलायला लागला की त्याचं संपेपर्यंत मी गप्प, आणि त्याचं काही संपत नाही.

आपला सगळ्यात लांबलेला वाद आठवतो का? विहिरीच्या वाटेवरून दोन भावांत जुंपलेली. थोरल्याची बायको साक्षीत म्हणाली होती, "मी दिराशी वाद घातला, चार गोष्टी सांगून बघितल्या, हातापाया पडले, पण त्याने ऐकलं नाही." तुम्ही वाचलंत, तिने दिराशी 'रिमॉन्स्ट्रेट' केलं. मी टकटक केली, जरा जोरातच.

चहाला मी म्हणाले, "ताई, ही शेतात राबणारी बाई. असला इस्त्रीचा शब्द तिच्या तोंडी शोभत नाही."

"तिच्या तोंडी घालायचा नाहीये, न्यायाधीशांच्या कानात घालायचाय," तुम्ही म्हणालात.

"पण तिने तीन गोष्टी केल्या आणि तुम्ही एका शब्दात उरकलं."

"तीन नाही केल्या. एकच केली." मग तुम्ही कप बाजूला ठेवलात. तुम्ही कप बाजूला ठेवला की मला कळायचं, आता माझी पाचची बस गेली. "हे बघ कमल. निषेध करायला समोर माणूस लागत नाही. कलेक्टर कचेरीबाहेर उभं राहिलं तरी होतो. तक्रार तर पाठीमागेच होते. रागावणं हे मोठ्याने लहानावर. हा शब्द कधी वापरायचा? समोरचा काहीतरी चुकीचं करतोय, आपला त्याच्यावर हुकूम चालत नाही, तरी आपण त्याच्यापुढे उभं राहतो आणि कारणं देऊन देऊन सांगतो की बाबा, हे करू नको. त्याच्याविरुद्ध नव्हे, त्याच्याशी. आणि तो ऐकेल असं आपल्याला अजून वाटत असतं. ते वाटणं संपलं की हा शब्द खोडायचा आणि दुसरा शोधायचा."

मी विचारलं, मग याला मराठीत काय म्हणायचं? तुम्ही एकेक शब्द घेतलात आणि मोडीत काढलात. निषेध सभेत होतो. हरकत अर्जावर घेतात. आक्षेपात माया नसते. कानउघाडणीत मायेपेक्षा तोरा जास्त. समजूत घालणं रुसलेल्याची. मी म्हणाले, "मग माझ्या त्या बाईचंच ठेवा की. वाद घालणं, कारणं देणं आणि विनवणं, तिन्ही एकदम." त्यावर तुम्ही, "एका शब्दाला तीन? पान काय आंदण मिळालंय का तुला?" पुढे कधीही तो शब्द आला की आपलं हेच चालायचं. मी माझे तीन सोडले नाहीत, तुम्ही तुमचा एक सोडला नाहीत.

त्याच दिवशी मी तुम्हाला आईचं सांगितलं होतं. बारावीनंतर वडिलांनी माझं कॉलेज बंद करायचं ठरवलं, तेव्हा आई चार दिवस त्यांच्या मागे होती. गोठ्यात, चुलीपाशी, जेवताना. नंतर मी तिला विचारलं, काय बोललीस गं? म्हणाली, "म्या वरडले न्हाई. नुसतं सांगत ऱ्हायले. दुसरं काय हाय आपल्या हातात?" हे ऐकून तुम्ही चष्मा काढून ठेवलात. मग म्हणालात, "तुझ्या आईला शब्दच लागला नाही बघ." मला इतका अभिमान वाटला होता तेव्हा. आज तेच आठवून लाज वाटते, कारण मी त्याच आईची मुलगी.

आणि तुम्ही स्वतः? तुम्ही तर हे कोणाशीही करायचात. ते बडे वकीलसाहेब एकदा इथे बसून म्हणाले, "टायपिस्टचं नाव कशाला हवंय कागदावर?" मी आत चहा करत होते, मला वाटलं जमीन पोटात घेईल तर बरं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. अर्धा तास त्यांना सांगत बसलात: ही टायपिस्ट नाही, ही ताडून बघते, हिने आजवर काय काय पकडलं, उद्या हायकोर्टात चूक निघाली तर कोणाला विचारणार आहात. ते दोनदा उठले, तुम्ही दोनदा "बसा हो, चहा होतोय" म्हणालात. शेवटी ते हसले आणि म्हणाले, "घाला बाई." तेव्हापासून प्रत्येक भाषांतराच्या खाली डाव्या हाताला ओळ असते: रुजुवात घेणार, आणि पुढे माझं नाव, माझी सही. घरी कोणाला त्याचं काही वाटलं नाही. मी मात्र तो पहिला कागद झेरॉक्स काढून ठेवलाय. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, आता सांगते.

आता दोन महिन्यांपूर्वीचं.

तुमच्या पोटाचं दुखणं फिरून आलं होतं. डॉक्टर म्हणाले, केमो घेतली तर वर्षभर मिळेल, कदाचित जास्तही. तुम्ही म्हणालात, नको. एकदा घेऊन झाली, पुन्हा नाही. नको म्हणणाऱ्याने तसं लिहून द्यायचं असतं. हॉस्पिटलच्या छापील फॉर्मवर तुम्ही एक नजर टाकलीत आणि म्हणालात, "एवढ्या वाईट इंग्रजीत मी माझा नकार देणार नाही." तिथेच खाटेवर बसून तुम्ही स्वतःचं पत्र लिहिलंत. आधी इंग्रजी, मग खाली मराठी, विजूताईंनाही वाचता यावं म्हणून. अक्षर तेच, रेघेला रेघ. मी भेटायला आले तेव्हा ते माझ्या हातात दिलंत. "रुजुवात करून आण. मला मोठ्याने वाचवत नाही, दोन्ही तूच वाच. घाई नाही, सावकाश आण."

ताई, मी ते पत्र इथे, याच टेबलावर वाचलं. पट्टी ठेवून. आणि मी काय केलं ते मला आज लिहायलाही नको वाटतंय. मी भाषांतर तपासलं.

तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही इंग्रजीत लिहिलं होतं, माझ्या जवळच्यांनी माझ्याशी रिमॉन्स्ट्रेट केलं आहे, तरीही निर्णय माझा आहे. मी पट्टी खाली सरकवली, मराठी बघितलं. 'माझ्या जवळच्यांनी माझ्याशी वाद घातला, कारणं दिली, विनवलं, तरीही निर्णय माझा आहे.' तीन. माझे तीन. इतक्या वर्षांनी तुम्ही माझं ऐकलं होतं. ताई, मला आनंद झाला. तुम्ही मरायचं ठरवल्याचा कागद माझ्यापुढे होता आणि मी एकटीच हसले, की घ्या, शेवटी मान्य केलंत ना. मग मराठीत एक स्वल्पविराम राहिला होता तो घातला, खाली डावीकडे ओळ आखली, रुजुवात घेणार, आणि सही केली.

ते वाक्य खोटं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वाद कोणी घातला होता तुमच्याशी? मला वाटलं, विजूताईंनी घातला असेल, सख्खी बहीण आहे. माझं काम दोन्ही कागद एकमेकांशी जुळतात का बघायचं. ते जुळत होते. त्यात लिहिलंय ते खरं आहे की नाही, हे साक्षीच्या कागदात आपण कधी बघितलंय? साक्षीदार खोटं बोलतोय हे शंभरदा कळायचं आपल्याला, तरी आपण त्याचं खोटं इमानदारीने इंग्रजीत करायचो. तुमच्या पत्रालाही मी तोच न्याय लावला.

दुसऱ्या दिवशीच घेऊन आले. सावकाश आण म्हणालात, तर मी दुसऱ्या दिवशी. तत्परता दाखवायची ना. तुम्ही चष्मा लावलात, सही बघितलीत. बराच वेळ बघत होतात. मग विचारलंत, "काहीच खटकलं नाही?"

"नाही ताई. चोख आहे. एक स्वल्पविराम तेवढा घातलाय."

"बरं," तुम्ही म्हणालात. कागद घडी घालून उशाशी ठेवलात आणि मला विचारलंत, परतीची बस कितीची आहे.

काल जेवणं झाली, माणसं पांगली. मी आणि विजूताई भांडी पुसत होतो. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्या माझ्याइतक्याच थकलेल्या होत्या. म्हणाल्या, "कमल, मी तिला अडवणार होते गं. पण ती म्हणाली, कागद कमलकडे गेलाय. तिला खटकलं तर फाडून टाकू, आणि डॉक्टरांना सांगू की सुई आणा. डॉक्टरांनाही म्हणाली, दोन दिवस थांबा. मग तू आलीस. खाली तुझी सही बघितली. मला वाटलं, तुम्ही दोघी सगळं बोलला असाल. दिवसभर बरोबर असायचात. तू एवढं भांडून हरली असशील, तिथे मी काय सांगणार? म्हणून मीही गप्प बसले."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. त्यांना वाटलं मी भांडले, मला वाटलं त्या भांडल्या. आणि तुम्ही खाटेवर पडून वाट बघत होतात, की दोघींपैकी एक तरी येईल. तुम्ही ते वाक्य झालेल्या गोष्टीचं लिहिलंच नव्हतं. आम्ही ते करावं म्हणून लिहिलं होतंत. मला तर माझ्याच शब्दांत लिहून दिलं होतंत.

मला तुमचाही राग आला आहे, हे लपवत नाही. एवढं फिरवून कशाला सांगायचं? 'कमल, मला भीती वाटते' म्हणता आलं नसतं? लोकांसाठी अर्धा अर्धा तास भांडायचात, स्वतःसाठी एक ओळ मागायला तुम्हाला इतकं जड का गेलं? सकाळपासून तुमच्यावर चिडते आहे, आणि चिडताना रडू येतंय म्हणून आणखी चिडते आहे. एवढं असूनही खरं तेच: मी बघायला हवं होतं. माझ्या नावासाठी तुम्ही त्या वकिलांना दोनदा खाली बसवलंत. मी तुमच्यासाठी एक स्वल्पविराम घातला.

तर आता ऐका. तुम्ही समोर नाही, त्यामुळे तुमच्या हिशेबाने हा शब्द लागू होत नाही, मला माहीत आहे. तरी ऐका.

ताई, हे करू नका. उपचार घ्या. वर्ष म्हणजे थोडं नाही, आपल्याकडे एका वर्षात चाळीस साक्षी होतात. मागच्या वेळी तुम्हाला उलट्यांनी बेजार केलं कारण तुम्ही एकट्या होतात आणि कोणाला बोलावलं नाहीत. या वेळी मी इथेच राहिले असते, आत गादी टाकून. घरचे चार दिवस कुरकुरले असते आणि सवय झाली असती. केस जातात म्हणालात, तर या तिसऱ्या मजल्यावर तुमचे केस बघायला येतं कोण? काम होत नाही मग जगून काय करू, म्हणालात. तुम्ही नुसतं पडून ऐकायचं होतं, मी दोन्हीकडचं वाचलं असतं. आणि विजूताईंना तुमच्यामागे कोणी नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. शेवटचं कारण माझं आहे, ते वकिलीत टिकणार नाही. मला तुमच्याशिवाय करमत नाही. मला घरात माझं ऐकून घेणारं कोणी नाही, नव्हतंच कधी. तुम्ही होतात.

तुम्ही नाहीच म्हणाला असता कदाचित. हट्टीच तुम्ही. पण ते तुम्हाला कागदावर म्हणता आलं नसतं. माझ्याकडे बघून, माझ्या तोंडावर म्हणावं लागलं असतं. मी रडत रडत बस पकडली असती, आणि दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा सांगायला बसले असते.